गिअर ट्रेनमधल्या दात्यांवरचा ताण कसा काढायचा: ५.५ किलोवॅटच्या एका गिअरबॉक्सची आकडेमोड

गिअर पहिल्यांदा डिझाइन करायला बसणाऱ्याच्या हातात बहुधा एकच समीकरण असतं, लुईसचं. त्यातून मॉड्यूल, म्हणजे दात्याचं मिलिमीटरमधलं माप, निघालं की काम झालं असं वाटतं. दाता मुळातून मोडणार नाही एवढी खात्री ते देतं. पण मध्यम कडकपणाच्या स्टीलचे, बंद पेटीत तेलात चालणारे गिअर मोडायच्या आधी बहुतेक वेळा पृष्ठभागावर उखडतात. म्हणून प्रत्येक जोडीसाठी दोन ताण काढावे लागतात: दाता वाकल्यामुळे मुळाशी येणारा, आणि दोन दाते एकमेकांवर दाबले गेल्यामुळे स्पर्शाच्या जागी येणारा. खाली एकच गिअरबॉक्स घेऊन दोन्ही ताण शेवटपर्यंत काढले आहेत. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

काम काय आहे ते आधी लिहून काढा

खडी क्रशरवरचा बेल्ट कन्व्हेयर. मोटर ५.५ किलोवॅटची, म्हणजे साडेसात एचपी, १४४० आरपीएम. कन्व्हेयरच्या ड्रमला ९० आरपीएम हवेत. म्हणजे गती १६ पट कमी करायची. सरळ दात्यांचे स्पर गिअर, प्रेशर अँगल, म्हणजे दाते एकमेकांना ढकलतात त्या दिशेचा कोन, २० अंश. रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस, ५ वर्षं धरली तर १५,००० तास चालायला हवा. हे तास आत्ताच ठरवा. शेवटी परवानगीचा ताण काढताना ते लागतात, आणि तोवर ठरवले नसतील तर माणूस सोयीचा आकडा घेतो.

पायरी १: दात्यांची संख्या

१६ पट एका टप्प्यात केलं तर मोठा गिअर अवाढव्य होतो. दोन टप्पे घेऊ, प्रत्येकी साधारण ४ पट. पिनियनला, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरला, किमान किती दाते? २० अंशांच्या पूर्ण उंचीच्या दात्यांना १७ च्या खाली गेलं की हॉब (दाते कापणारं हत्यार) दात्याचं मूळ पोखरतो. आपण २० घेऊ.

मग मोठ्या गिअरला ८० दाते सरळ वाटतात, पण २० आणि ८० घेतले तर पिनियनचा प्रत्येक दाता कायम त्याच चार दात्यांना भेटत राहतो. एका दात्यावर टवका उडाला असेल तर तो त्याच चौघांना खात बसेल. त्यापेक्षा पहिल्या टप्प्यात २० आणि ८१, दुसऱ्यात २० आणि ७९ घ्या. दोन्ही जोड्यांत सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भेटतो. शिवाय ४.०५ × ३.९५ = १५.९९७५, म्हणजे आपले १६ जवळपास जसेच्या तसे मिळतात.

पायरी २: प्रत्येक शाफ्टवरचा टॉर्क

टॉर्क (न्यूटन-मीटर) = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम

पहिला शाफ्ट: ९५५० × ५.५ ÷ १४४० = ३६.५ न्यूटन-मीटर, १४४० आरपीएम.
मधला शाफ्ट: ३६.५ × ४.०५ = १४७.७ न्यूटन-मीटर, ३५५.६ आरपीएम.
शेवटचा शाफ्ट: १४७.७ × ३.९५ = ५८३ न्यूटन-मीटर, ९० आरपीएम.

घर्षणात प्रत्येक टप्प्यावर थोडी शक्ती जाते. ती धरली नाही तर आकडे किंचित सुरक्षित बाजूला राहतात, म्हणून सोडून दिली.

या तीन ओळींत गिअर ट्रेनची अर्धी गोष्ट आहे. मोटर तीच, पण दुसऱ्या टप्प्याच्या पिनियनवर पहिल्याच्या चौपट टॉर्क. दोन्ही टप्प्यांना एकच मॉड्यूल लावणारी ड्रॉइंग्ज अजून दिसतात. त्यात एक जोडी फुकट जड तरी असते किंवा दुसरी कमजोर. आकडेमोड नेहमी जास्त टॉर्कच्या टप्प्यापासून सुरू करा. आपणही दुसऱ्या टप्प्यापासूनच करू.

पायरी ३: दात्यावरचं बल

मॉड्यूल अजून माहीत नाही, त्यामुळे अंदाजाने एक धरायचं आणि तपासायचं. ४ धरू. पिनियनचा पिच व्यास (दोन गिअर ज्या काल्पनिक वर्तुळांवर एकमेकांना टेकतात त्याचा व्यास) = ४ × २० = ८० मिमी. दात्याची रुंदी मॉड्यूलच्या ८ ते १२ पट ठेवतात. १० पट म्हणजे ४० मिमी घेऊ. साहित्य सध्या ईएन २४ हे मिश्रधातूचं स्टील, कडकपणा ३०० बीएचएन (ब्रिनेल मापात).

स्पर्शिकेच्या दिशेतलं बल = २ × टॉर्क ÷ व्यास = २ × १४७.७ ÷ ०.०८ = ३६९३ न्यूटन.

दात्यांना एकमेकांपासून दूर ढकलणारं बल याच्या ०.३६४ पट, साधारण १३४४ न्यूटन. ते दात्याच्या ताणात येत नाही, पण शाफ्ट आणि बेअरिंग काढताना लागतं. आत्ताच टिपून ठेवा.

पायरी ४: कागदावरचं बल आणि खरं बल

३६९३ न्यूटन हे बल गुळगुळीत, अचूक आणि धक्का नसलेल्या जगातलं आहे. खऱ्या दात्यावर जे येतं त्यासाठी तीन गुणक लावायचे.

पहिला कामाच्या स्वरूपाचा. इलेक्ट्रिक मोटर एकसारखी चालते, पण कन्व्हेयरवर खडी सारखी पडत नाही. मध्यम धक्क्यांसाठी १.५ घेऊ. क्रशरच्याच गिअरबॉक्सला हा आकडा पुरणार नाही.

दुसरा वेगाचा. दात्यांचा आकार आणि अंतर कधीच तंतोतंत नसतं; वेग वाढला की ती चूक ठोके मारते. पिचवरचा वेग = ३.१४१६ × ०.०८ × ३५५.६ ÷ ६० = १.४९ मीटर प्रति सेकंद. चांगल्या हॉबिंगच्या गिअरला बार्थचं सूत्र चालतं: (६ + वेग) ÷ ६ = १.२५. साध्या कटिंगच्या गिअरला तेच (३ + वेग) ÷ ३ होतं आणि गुणक जवळपास १.५ वर जातो. कटिंग स्वस्त केलं तर त्याची किंमत इथे भरावी लागते.

तिसरा रुंदीवर बल सारखं न पसरण्याचा. शाफ्ट वाकतो, बेअरिंगच्या जागा थोड्या तिरप्या असतात, आणि दात्याचं एक टोक जास्त घासतं. ५० मिमीपर्यंतच्या रुंदीला, बसवणी चांगली असेल तर १.३, ढिली असेल तर १.६. आपण १.३ घेऊ.

३६९३ × १.५ × १.२५ × १.३ = साधारण ९००० न्यूटन.

म्हणजे मूळ बलाच्या जवळपास अडीच पट. नवखा माणूस इथे चुकतो तो गुणाकारात नव्हे, गुणक निवडण्यात. डेटाबुकातल्या गुणकांचे तक्ते उघडले की सगळ्यात लहान आकडा खुणावत असतो.

पायरी ५: मुळाशी वाकण्याचा ताण

विल्फ्रेड लुईस यांनी १८९२ साली फिलाडेल्फियाच्या इंजिनिअर्स क्लबपुढे दात्याला एका टोकाला बांधलेली तुळई मानून हे समीकरण मांडलं. त्याचं साधं रूप:

ताण = बल ÷ (रुंदी × मॉड्यूल × वाय)

वाय हा दात्याच्या आकाराचा आकडा. २० दात्यांसाठी तो ०.३२, ८० च्या आसपासच्या दात्यांसाठी ०.४४. दाते वाढले की दाता मुळाशी जाड होतो, म्हणून आकडा वाढतो. दोन्ही गिअर एकाच स्टीलचे असतील तर पिनियनच कमजोर, मोठ्या गिअरचा हिशेब वेगळा करायला नको. साहित्य वेगवेगळं असेल तर दोघांचाही परवानगीचा ताण × वाय काढा. ज्याचा लहान, तो आधी जाईल.

९००० ÷ (४० × ४ × ०.३२) = १७६ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे १७६ मेगापास्कल.

लुईसने सगळं बल एकाच दात्याच्या टोकावर धरलं आणि मुळाच्या गोलाईत होणारी ताणाची गर्दी सोडून दिली. पहिली गोष्ट ताण वाढवून दाखवते, दुसरी कमी करून. बऱ्याच अंशी दोन्ही एकमेकींना खोडतात. म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही पहिला अंदाज याच समीकरणाने काढतात. अंतिम तपासणी मात्र एजीएमए (अमेरिकन गिअर उत्पादकांची संघटना) किंवा आयएसओ ६३३६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने, त्यांच्याच तक्त्यांतले आकाराचे गुणक घेऊन करायची.

परवानगीचा ताण: सगळीकडून सारख्या कडक केलेल्या स्टीलला, एजीएमएच्या पहिल्या दर्जाला, वाकण्यासाठी ०.५३३ × बीएचएन + ८८.३. ३०० बीएचएनला २४८ मेगापास्कल. हा आकडा १ कोटी फेऱ्यांसाठी आणि ९९ टक्के विश्वासार्हतेसाठी आहे. आपला पिनियन १५,००० तासांत ३५५.६ × ६० × १५,००० = ३२ कोटी फेऱ्या मारतो, त्यासाठी ०.९६ ने गुणा: २३७.

२३७ ÷ १७६ = १.३५. वाकण्यात पास.

पायरी ६: पृष्ठभागावरचा दाबाचा ताण

बरेच जण आधीच्या पायरीवर फाइल बंद करतात. पुढचं गणित हाइनरिश हर्ट्झचं आहे. एकमेकांवर दाबलेल्या काचेच्या भिंगांचा विचार करताना त्याला ते सुचलं आणि १८८२ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन दाते एकमेकांना टेकतात तिथे ते दोन लहान दंडगोल आहेत असं मानायचं. स्टीलवर स्टील असेल तर:

ताण = १९१ × √[ बल ÷ (पिनियनचा व्यास × रुंदी × आय) ]

आय हा भूमितीचा आकडा. २० अंशांसाठी आय = ०.१६०७ × गुणोत्तर ÷ (गुणोत्तर + १). दुसऱ्या टप्प्याला ०.१६०७ × ३.९५ ÷ ४.९५ = ०.१२८.

९००० ÷ (८० × ४० × ०.१२८) = साधारण २१.९; वर्गमूळ ४.६८; गुणिले १९१ = ८९४ मेगापास्कल.

परवानगीचा दाब: २.२२ × बीएचएन + २०० = ८६६. ३२ कोटी फेऱ्यांसाठी ०.९२ ने गुणा: ७९७.

८९४ विरुद्ध ७९७. नापास, आणि तेही वाकण्यात आरामात पास झालेली जोडी. हा गिअरबॉक्स बनवून लावला तर पहिले काही महिने काही कळणार नाही. मग पिच रेषेच्या जरा खाली, मुळाच्या बाजूला, देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे दिसायला लागतील. सुरुवातीचे काही खड्डे घासून बुजतात आणि थांबतात, तसे थांबले तर ठीक. पण ताण एवढा वर असेल तर खड्डे एकमेकांत मिसळतात, आवाज वाढतो, तेलात चमकणारे कण सापडतात, आणि खड्ड्यापासून निघालेली भेग शेवटी दाता घेऊन जाते. तुटलेला दाता पाहून लोक "मटेरिअल कच्चं होतं" म्हणतात.

सूत्रातली एक गोष्ट नीट बघा: त्यात मॉड्यूल कुठेच नाही. व्यास आहे, रुंदी आहे. म्हणजे पिनियनचा व्यास ८० मिमीच ठेवून २० दात्यांच्या जागी मोठ्या मॉड्यूलचे १६ दाते घातले, तर दाता जाड होईल, वाकण्याचा ताण उतरेल, पण खड्डे पडायचे ते पडतीलच. "मॉड्यूल वाढव" हा सल्ला व्यास वाढत असेल तरच पिटिंगवर, म्हणजे या खड्ड्यांवर, चालतो.

दुसरी गोष्ट वर्गमुळाची. बल दुप्पट झालं तर दाबाचा ताण ४१ टक्केच वाढतो. म्हणून ताणांचं गुणोत्तर १.२ आलं तर बलाच्या हिशेबात सुरक्षितता १.२ चा वर्ग, म्हणजे १.४४ आहे. वाकण्याच्या सुरक्षिततेशी तुलना करायची तर हा वर्ग करून करा.

पायरी ७: काय बदलायचं

रुंदी ४० ची ५० केली तर? ८९४ ला १.२५ च्या वर्गमुळाने भागा: ८००. अजूनही ७९७ च्या वरच. शिवाय रुंदी वाढली की बल सारखं पसरायची शक्यता घटते, म्हणजे १.३ चा गुणक टिकेल असं नाही.

मॉड्यूल ५, रुंदी ५०, दाते तेवढेच? व्यास १०० मिमी, मूळ बल २९५४ न्यूटन, वेग १.८६, गुणकांसह ७५४६ न्यूटन. दाबाचा ताण ६५५, परवानगी ७९७. बलाच्या हिशेबात सुरक्षितता १.४८. पास. पण दोन शाफ्टमधलं अंतर १९८ मिमीवरून २४७.५ वर गेलं, पेटी मोठी झाली, तेल वाढलं. जागा असेल आणि हीट ट्रीटमेंटची सोय नीट नसेल तर हा मार्ग वाईट नाही.

तिसरा मार्ग स्टील बदलण्याचा. २० एमएनसीआर ५ घेऊन केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक करणं), पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल सी मापात). पहिल्या दर्जाच्या कार्बराइज्ड स्टीलला परवानगीचा दाब १२४० आणि वाकण्याचा ताण ३८० मेगापास्कल. फेऱ्यांचे गुणक लावून ११४० आणि ३६४. मॉड्यूल ४, रुंदी ४० तशीच ठेवली तर दाबात ११४० ÷ ८९४ = १.२७, वर्ग करून १.६, वाकण्यात २.०७. पेटी तेवढीच राहते. मी हाच घेईन. कडक थराची खोली मॉड्यूलच्या ०.१५ ते ०.२ पट, म्हणजे इथे ०.६ ते ०.८ मिमी मागा. थर त्याहून पातळ असेल तर जास्तीत जास्त कातर ताण पृष्ठभागाखाली, मऊ गाभ्यात पडतो आणि कवच सालीसारखं सुटतं.

केस हार्डनिंगमध्ये गिअर वाकतो, म्हणून नंतर दात्यांचं ग्राइंडिंग धरावं लागतं. त्याचा फायदा वेगाच्या गुणकात परत मिळतो.

ईएन २४ वरच राहायचं असेल तर पिनियन मोठ्या गिअरपेक्षा २० ते ३० बीएचएन जास्त कडक ठेवा. दाबाचा ताण दोघांवर सारखाच असतो, पण पिनियनचा प्रत्येक दाता जवळपास चौपट वेळा कामाला येतो.

पहिला टप्पा

पद्धत तीच, म्हणून फक्त आकडे. मॉड्यूल २.५, व्यास ५० मिमी, रुंदी ३०, तेच केस हार्डन्ड स्टील. बल १४५९ न्यूटन. वेग ३.७७ मीटर प्रति सेकंद, त्यामुळे वेगाचा गुणक १.६३ वर जातो. गुणकांसह बल ४६३२ न्यूटन. दाबाचा ताण ९३५, वाकण्याचा १९३. हा पिनियन १५,००० तासांत १३० कोटी फेऱ्या मारतो. परवानगी ११०९ आणि ३५५. दोन्हीकडे पास. ग्राइंडिंग केलेल्या गिअरला (५.६ + √वेग) ÷ ५.६ वापरता येतं आणि १.६३ चा १.३५ होतो. कमी टॉर्कच्या टप्प्यात अचूकतेला जास्त भाव मिळतो तो वेगामुळे.

मुळाखाली लोखंड किती उरलं

ही तपासणी सूत्रात नाही आणि त्यामुळेच राहून जाते. ५.५ किलोवॅटच्या चार पोलच्या मोटरचा शाफ्ट ३८ मिमीचा असतो. आपल्या पहिल्या पिनियनचा मुळाचा व्यास ५० − २.५ × २.५ = ४३.७५ मिमी. हा पिनियन थेट मोटरच्या शाफ्टवर बसवायचा म्हटलं तर दोन्हीकडे तीन मिमीही भिंत उरत नाही, आणि त्यातून चावीची खाच ३.३ मिमी खोल जाते. म्हणजे खाच दात्याच्या मुळातून बाहेर येईल. मुळाखालची जाडी दात्याच्या उंचीच्या १.२ पट तरी हवी. इथे दात्याची उंची ५.६ मिमी, म्हणजे पावणेसात मिमी. उपाय एकच: पिनियन शाफ्टसकट एका तुकड्यात करायचा आणि मोटरला कपलिंगने जोडायचं.

दुसऱ्या पिनियनला मुळाचा व्यास ७०, शाफ्ट ४० चा धरला तर खाच वजा जाऊन ११.७ मिमी उरतात, गरज १०.८ ची. जेमतेम बसतं.

ट्रेनमध्ये आयडलर असेल तर

दिशा बदलायला किंवा अंतर भरायला मध्ये एक गिअर टाकला, तर त्याचा दाता एका फेरीत दोन्ही बाजूंनी वाकतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. अशा गिअरला वाकण्याच्या परवानगीच्या ताणाचे ७० टक्केच धरतात. आपल्या ईएन २४ ला २३७ चे १६६ होतील, म्हणजे १७६ ला जो आरामात पास होता तो आता नापास. आयडलरमुळे गुणोत्तर बदलत नाही, म्हणून त्याला हिशेबातच न घेण्याची सवय पडते. एपिसायक्लिकमधल्या, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या, प्लॅनेट गिअरलाही हेच लागू.

कटिंगला द्यायच्या आधी

मॉड्यूल प्रमाणित मालिकेतलंच घ्या: २, २.५, ३, ४, ५, ६. गणितात ३.६ आलं तर ४. साडेतीनचा हॉब प्रत्येक वर्कशॉपात असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा. ड्रॉइंगवर मॉड्यूल, दाते आणि प्रेशर अँगल एवढंच लिहून पाठवू नका. अचूकतेचा दर्जा, पृष्ठभागाचा कडकपणा, थराची खोली आणि मुळाची गोलाईही लिहा. गणितात धरलेले आकडे ड्रॉइंगवर नसतील तर गिअर त्या आकड्यांचा बनत नाही.

एजीएमएच्या सूत्राने काढलेला ताण आयएसओच्या तक्त्यातल्या परवानगीशी कधी जुळवू नका. दोन्हीकडे गुणकांची आणि चाचणीच्या गिअरची गृहीतकं वेगळी आहेत, आणि वाकण्याच्या बाबतीत फरक लहान नाही.

हे सगळं एक्सेलमध्ये टाका, कारण मॉड्यूल तीन-चारदा बदलावं लागतं. शीट तयार झाल्यावर नवं काम घेण्याआधी वरचा दुसरा टप्पा त्यात घाला. मॉड्यूल ४, रुंदी ४० ला १७६ आणि ८९४ यायला हवेत; मॉड्यूल ५, रुंदी ५० ला ९४ आणि ६५५. एक-दोनचा फरक आला तर तो दशांशांचा. दाबाचा ताण साधारण ३२ पटीने (१००० च्या वर्गमुळाने) चुकला असेल तर व्यास कुठेतरी मीटरमध्ये राहिला आहे.